कापू नका, सुधारू नका : घरच्या कॅसेटी डिजिटल करून देणाऱ्या सेवेबद्दल

जुन्या व्हिडिओ आणि ऑडिओ कॅसेटी, हँडीकॅमच्या लहान टेप आणि छापील फोटो घेऊन त्यांच्या डिजिटल प्रती करून देणाऱ्या सेवा आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यांपैकी एका सेवेकडे आमच्या घरचा बहुतेक साठा दिला, तो परत आणला आणि भावंडांसोबत बसून पूर्ण पाहिला व ऐकला. त्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. सेवेचे नाव येथे मुद्दामच दिलेले नाही, कारण माझी मुख्य तक्रार या क्षेत्रातल्या एकूण कामाच्या पद्धतीविषयी आहे आणि माझे मुख्य कौतुक तेथील एका तंत्रज्ञाच्या समजूतदारपणाचे आहे. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी अजून पेटीत पडून आहेत त्यांनी काम देण्यापूर्वी काय विचारावे आणि काय लिहून द्यावे, एवढे या लेखनातून कळले तरी मला पुरेसे आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. घरगुती चित्रीकरणात हसू आणणारे आणि जीव लावणारे जे काही असते, ते बहुधा चित्रीकरण करणाऱ्याच्या मनात नसताना घडलेले असते. मुले ओळीने उभी राहून कविता म्हणतात तो भाग प्रत्येक घरात साधारण सारखाच असतो. कविता सुरू होण्याआधीची ढकलाढकली, कॅमेऱ्यामागून आलेली आईची सूचना आणि मधेच दार उघडून आत आलेले काका हे मात्र त्या एकाच घराचे असतात. व्यावसायिक नजरेला नेमके हेच भाग निरुपयोगी दिसतात. काही सेवा ते आपणहून कापतात, काही यंत्राकडून कापून घेतात आणि काही ‘सुबक संकलन’ या नावाखाली त्याचे वेगळे पैसे घेतात.

काम आता करून घेण्याचे कारण भावनेपेक्षा रसायनशास्त्राचे आहे. चुंबकीय टेपमध्ये प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडसारख्या चुंबकीय कणांचा थर एका चिकट द्रव्याने बसवलेला असतो. हवेतला दमटपणा शोषून ते द्रव्य हळूहळू कमकुवत होते आणि कण सुटू लागतात. टेप टिकली तरी ती वाजवणारे यंत्र मिळेलच असे नाही. व्हीएचएस ही व्हिडिओ कॅसेटची पद्धत जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये जपानच्या बाजारात आणली आणि फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे, म्हणजे या कॅसेटी वाजवणाऱ्या यंत्राचे, उत्पादन थांबवल्यावर नवी यंत्रे येणे जवळपास संपले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच ‘डेडलाइन २०२५’ या शीर्षकाचे निवेदन काढून, तोपर्यंत डिजिटल न झालेल्या चुंबकीय टेपांपैकी बहुतेक कायमच्या हातच्या जातील, असा इशारा दिला होता. तो इशारा संग्रहालयांसाठी होता. घराघरांतल्या कपाटांना तो अधिकच लागू पडतो, कारण कपाटात तापमान आणि आर्द्रता कोणी मोजत नाही.

सेवेची सुरुवात उत्तम झाली. कॅसेटी घेताना प्रत्येकीची खिडकी उजेडात धरून गुंडाळीच्या कडा तपासण्यात आल्या. एका कॅसेटच्या कडेवर पांढरट भुकटीसारखी बुरशी होती. ती लगेच वेगळ्या पिशवीत बंद करून, ‘ही घरी कोणत्याही यंत्रात घालू नका’ असे मला बजावण्यात आले. बुरशीचे कण यंत्राच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसतात आणि त्यानंतर वाजवलेल्या प्रत्येक कॅसेटला लागतात, हे कारणही त्यांनी समजावून सांगितले. घेतलेल्या प्रत्येक वस्तूची अवस्था पावतीवर लिहून मिळाली, जुन्या लेबलांचे फोटो काढून ठेवले गेले आणि लेबले मूळ अक्षरासह परत आली. ज्यांनी काम घेताना कॅसेट उघडूनसुद्धा पाहिली नाही, अशा ठिकाणी मी माझा साठा ठेवला नसता.

तांत्रिक काम कसे झाले हे थोडे तपशिलाने सांगायला हवे, कारण चांगल्या आणि सामान्य सेवेतला फरक तेथेच दिसतो. ॲनालॉग टेप वाजते त्याच वेगाने उतरवावी लागते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतातच. त्यामुळे फार झटपट काम करून देण्याचे आश्वासन मिळाले, तर किती यंत्रे एकाच वेळी चालतात आणि त्यांच्याकडे कोण पाहत असते, हे विचारावे. जुन्या टेपच्या संकेतात वेळेचे बारीक हेलकावे असतात आणि त्यांमुळे चित्राच्या उभ्या रेषा थरथरतात. त्या स्थिर करणारे टाइम बेस करेक्टर नावाचे उपकरण या सेवेकडे आहे आणि त्याचा परिणाम चित्रात स्पष्ट दिसतो. दुसरी गोष्ट हालचालीची आहे. आमच्या टेप ज्या पाल या चित्रनोंदणीच्या पद्धतीतल्या आहेत तिच्यात सेकंदाला २५ चित्रे असली तरी प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, म्हणजे सेकंदाला ५० क्षेत्रांमध्ये नोंदलेले असते. घाईत केलेल्या प्रतींमध्ये यांतली अर्धी माहिती टाकून दिली जाते आणि पळणारी मुले झटके खात पळताना दिसतात. या सेवेने पन्नासच्या पन्नास क्षेत्रे राखली. आम्ही तिघे भावंडे पलंगावरून गादीवर उड्या मारतो, त्या दृश्यात धाकट्याचा उडी मारण्याआधीचा लांबलचक विचार, अर्ध्यात बदललेले मन आणि हवेत असतानाच आईला मारलेली हाक, हे सगळे सलग दिसते.

आता तक्रारीकडे येते, आणि त्यासाठी एका टेपची हकीकत सांगणे भाग आहे.

माझ्या वडिलांच्या हँडीकॅमला चित्रीकरण सुरू करायला आणि थांबवायला एकच लाल बटण होते. एकदा दाबले की सुरू, पुन्हा दाबले की बंद. एका उन्हाळ्यात सगळी चुलत आणि आते भावंडे घरी जमलेली असताना आम्ही मुलांनी करमणुकीचा कार्यक्रम बसवला आणि तो पूर्ण टिपण्याची जबाबदारी वडिलांनी घेतली. सुरुवातीला कधीतरी बटण एकदा जास्त दाबले गेले आणि तेथून पुढे सगळा हिशेब उलटा झाला. वडील डोळा लावून चित्रीकरण करत होते तेव्हा कॅमेरा बंद होता, आणि कॅमेरा बंद केला असे समजून तो हातात लोंबता ठेवून ते फिरत होते तेव्हा तो इमानेइतबारे चालू होता. परिणामी त्या टेपवर नाच, नाटक, गाणी यांतले काहीही नाही. वडिलांचा आवाज येतो, ‘‘सगळे तयार? हसा बघू. एक, दोन…’’ आणि चित्र तुटते. पुढच्या क्षणी फरशी दिसते, चपलांचे जोड दिसतात, सतरंजीची कड दिसते आणि वडील समाधानाने म्हणतात, ‘‘वा, हे फार छान आलं.’’

एका ठिकाणी आई म्हणते, ‘‘अहो, तो लाल दिवा लागलेलाच आहे.’’ त्यावर वडिलांचे शांत उत्तर येते, ‘‘तो बॅटरीचा असतो.’’

पुढे फरशीच्या त्याच दृश्यात डावीकडून वडिलांचे बूट येतात. ते बूट घातलेले पाय मात्र जेमतेम घोट्यापर्यंतच बुटांत मावलेले असून धाकट्या भावाचे आहेत. बूट घसटत घसटत उजवीकडे जातात, थांबतात, वळतात आणि परत येतात. आजी कुठेतरी बाजूला बसलेली असावी. ती म्हणते, ‘‘बघ गं, बुटांना पाय फुटलेत. आणि स्वारी कुठे निघाली?’’

‘‘ऑफिसला.’’

‘‘बरं. ऑफिसात माझा चष्मा सापडला तर घेऊन ये.’’

तो ‘हो’ म्हणतो, बूट पुन्हा उजवीकडे निघून जातात, आणि बऱ्याच वेळाने परत येऊन तो अत्यंत गंभीरपणे सांगतो की साहेबांनी चष्मा दिला नाही. त्या रात्री सगळ्यांनी मिळून ही टेप प्रथम पाहिली तेव्हा काकांनी वडिलांना ‘पायांचे छायाचित्रकार’ अशी पदवी बहाल केली आणि ती घरात कायम झाली. कार्यक्रमात कोणी काय सादर केले, ते आज आमच्यापैकी कोणालाही नीट सांगता येत नाही. टेपवर जे आहे ते मात्र सर्वांना तोंडपाठ आहे.

हीच टेप सेवेकडून पहिल्यांदा परत आली तेव्हा मूळ लांबीच्या एका लहान तुकड्याएवढी उरली होती. सोबतच्या तक्त्यात शेरा होता : ‘चित्रीकरण सदोष, वापरण्याजोगा भाग अत्यल्प.’ चौकशी केल्यावर समजले की त्यांची संगणक प्रणाली काळे, हलणारे किंवा फोकस नसलेले भाग आपोआप शोधून वगळते आणि ग्राहकाने वेगळे सांगितले नाही तर हीच व्यवस्था लागू असते. आणखी एका टेपवर भिंगाचे झाकण न काढता केलेले बराच वेळचे चित्रीकरण होते; चित्र पूर्ण काळे, पण आवाज स्वच्छ. त्यात आई आणि आत्या शेजारच्या खोलीत आम्हा मुलांच्या नकला एकमेकींना करून दाखवत पोट धरून हसत आहेत. आपण झोपलो की मोठी माणसे आपल्याविषयी काय बोलतात, हे त्या एका ठिकाणी नोंदलेले होते, आणि चित्र नाही म्हणून तेही वगळले गेले होते.

अर्जावर याविषयी एक शब्दही छापलेला नव्हता, हा माझ्या मते गंभीर दोष आहे. कापणे ही जादा सेवा असायला हवी आणि पूर्ण प्रत हा मूळ नियम असायला हवा. येथे व्यवस्था उलटी होती. तक्रार केल्यावर त्यांनी वाद न घालता दोन्ही टेप पुन्हा पूर्ण लांबीने उतरवून दिल्या आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवते. पण ज्या ग्राहकाला मूळ टेपवर काय होते ते आठवतच नसेल, त्याला आपण काय गमावले हे कधीच कळणार नाही, आणि मूळ कॅसेट त्याने टाकून दिली असेल तर विषयच संपला. म्हणून काम देताना ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काळ्या आणि रिकाम्या भागांसह, कोणतेही संकलन न करता’ हे शब्द अर्जावर स्वतःच्या हाताने लिहावेत. काम परत आले की प्रत्येक फाइलची लांबी कॅसेटच्या लांबीशी ताडून पाहावी. फाइल बरीच लहान असेल तर विचारणा करावी.

ऑडिओ कॅसेटींचे काम याच सेवेने इतके चांगले केले की वरची नाराजी बरीचशी निवळली. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॉम्पॅक्ट कॅसेट हे घरगुती ध्वनिमुद्रणाचे खरे साधन होते, कारण मूलसुद्धा ते चालवू शकत असे. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची छोटी पाती असते. ती मोडली की त्या बाजूवर नवे ध्वनिमुद्रण होत नाही, आणि त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा होते. हे ज्ञान माझ्या मोठ्या भावाला फार लवकर झाले. काकांनी आपल्या एका भाषणाचा सराव करण्यासाठी ते कॅसेटवर घेतले होते आणि पाती मोडून सुरक्षित ठेवले होते. दादाने त्यावर चिकटपट्टी लावली आणि आम्ही तिघांनी त्या कॅसेटवर घरच्या बातम्या सुरू केल्या.

बातम्या दादा वाचत असे, मी प्रतिनिधी होते आणि जाहिरातींचा विभाग धाकट्याकडे होता. मुख्य बातमी बहुधा चष्म्याचीच असे : ‘‘आजीचा चष्मा सकाळपासून बेपत्ता असून कुटुंबातील सर्व सदस्यांची कसून चौकशी सुरू आहे. चष्मा आजीच्या कपाळावरच असल्याचे वृत्त आताच हाती आले आहे. आजीने या वृत्ताचा इन्कार केला आहे.’’ त्यानंतर हवामान : ‘‘बाबांच्या चेहऱ्यावर ढग जमा झाले असून प्रगतिपुस्तक दाखवल्यानंतर गडगडाटाची शक्यता आहे.’’ धाकट्याला जाहिरातीत नेमके काय सांगायचे असते ते कळलेले नव्हते, म्हणून तो आपल्या वेळेला पूर्ण ताकदीने ‘‘जाहिरात! जाहिरात! जाहिरात!’’ एवढेच ओरडतो आणि लगेच दादाचा करडा आवाज येतो, ‘‘जाहिरात संपली.’’

‘‘बातम्या संपल्या’’ असे म्हणून दादा बटण दाबतो, आणि त्याखाली उरलेले काकांचे भाषण वाक्याच्या मधूनच सुरू होते : ‘‘…आणि म्हणूनच मी घरातील प्रत्येकाला शिस्तीचे आवाहन करतो.’’

या ध्वनिमुद्रणाच्या शेवटाकडे आमचे आवाज हळूहळू चिरके आणि घाईचे होत जातात. टेपरेकॉर्डरचे सेल उतरत होते; मोटार मंद झाली की टेप ठरलेल्या ४.७६ सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगापेक्षा हळू सरकते आणि अशी टेप नंतर योग्य वेगाने वाजवली की आवाज बारीक आणि जलद होतो. काकांचे भाषण भरल्या सेलवर झालेले असल्यामुळे तीन चिमण्यांच्या चिवचिवाटानंतर एकदम त्यांचा भारदस्त आवाज येतो. हा बदल ऐकून आमच्या घरात गेली कित्येक वर्षे हसू फुटत आले आहे. अनेक सेवा असा दोष न विचारता दुरुस्त करतात. येथील तरुण तंत्रज्ञाने मला फोन करून विचारले, ‘‘मॅडम, बातम्यांच्या शेवटी वेग बिघडलेला आहे, तो सरळ करता येईल. पण घरी तुम्ही त्यावरच हसत असाल तर सांगा, तसाच ठेवतो.’’ त्याने दोन्ही प्रती दिल्या, एक जशीच्या तशी आणि एक वेग सरळ केलेली. सरळ केलेल्या प्रतीत दादाचा त्या वयातला खरा आवाज आम्हाला प्रथमच ऐकायला मिळाला, त्यामुळे तिचेही मोल आहेच. काम करणाऱ्या माणसाने ग्राहकाच्या घरात त्या दोषाला काय स्थान आहे हे विचारावे, यापेक्षा चांगली सेवा मला सांगता येणार नाही.

याच कॅसेटने घरातला एक जुना वादही मिटवला, किंवा अधिक वाढवला. जिन्याच्या गजांमध्ये डोके अडकले आणि साबणाचे पाणी लावून ते सोडवावे लागले, हा प्रसंग आपल्यावर गुदरला असे दादा आणि धाकटा दोघेही ठामपणे सांगत आले आहेत. दोघांनाही गजांचा गारवा आठवतो, दोघांनाही साबण डोळ्यांत गेलेला आठवतो. बातमीपत्रात मात्र हा वृत्तान्त आमच्या आतेभावाच्या नावावर आहे, आणि सुटकेनंतर त्याची रडत रडत दिलेली मुलाखतही आहे. ती त्याला ऐकवली तेव्हा तो चकित झाला, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे अडकलेले डोके धाकट्याचे होते. असे अनेक घरांत होत असावे. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुळी भावंडे एकाच प्रसंगावर ‘हे माझ्याच बाबतीत घडले’ असा दावा करतात, असे दाखवले आहे. आमची भावंडे जुळी नाहीत. पण एकाच खोलीत वाढलेल्या मुलांना इतके प्रसंग पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात, की ऐकलेले आणि घडलेले यांच्यातली सीमा पुसट व्हावी यात नवल नाही. पुरावा समोर असूनही दादाने आपला दावा मागे घेतलेला नाही.

फोटोंच्या बाबतीत माझा अनुभव संमिश्र आहे. स्कॅनिंग ६०० डीपीआयने (इंचाला ६०० बिंदू) झाले, म्हणजे ४ बाय ६ इंचांच्या फोटोची प्रत २४०० बाय ३६०० बिंदूंची मिळाली. मोठे छापायलाही ती पुरते. चिकट पानांच्या अल्बममध्ये रुतलेले फोटो त्यांनी दात साफ करण्याच्या बारीक दोऱ्याने मागून अलगद सोडवले आणि एकही फाटला नाही. काळाबरोबर लालसर झालेल्या रंगीत फोटोंची रंगदुरुस्ती संयमाने केली आहे. असे फोटो लाल पडतात त्याचे कारण त्यांतला निळसर रंगद्रव्याचा थर अंधारात ठेवूनही आधी विरतो, आणि ते प्रमाण सावरले की कपड्यांचे आणि भिंतींचे मूळ रंग बऱ्यापैकी परत येतात.

फोटोची मागची बाजू मात्र सांगितल्याशिवाय स्कॅन होत नाही. आमच्या आजोबांना फोटोमागे पेन्सिलीने लिहायची सवय होती. एका फोटोत मी काकूंच्या मांडीवर हसत बसलेली आहे आणि मागे लिहिले आहे, ‘फोटोपूर्वी हिने रडून घेतले. आता प्रसन्न आहे.’ सगळे कुटुंब ओळीने उभे असलेल्या दुसऱ्या एका फोटोत वडिलांची फक्त पाठ दिसते, कारण टायमर लावून ते धावत येत असताना फोटो निघाला. त्यामागे आजोबांचा शेरा आहे : ‘चिरंजीव वेळेवर पोहोचले नाहीत, नेहमीप्रमाणे.’ या ओळींशिवाय ते फोटो अर्धेच आहेत. त्याच वेळी काढलेले, जवळजवळ सारखे दिसणारे फोटो ‘पुनरावृत्ती’ म्हणून बाजूला काढण्याची सूचनाही प्रणालीने केली होती. मी ती नाकारली. पहिल्या फोटोत वडिलांची पाठ, दुसऱ्यात सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळलेल्या आणि तिसऱ्यात आजोबांसकट सगळे हसून वाकलेले, असा तो क्रम आहे. यांतला एकही फोटो दुसऱ्याची पुनरावृत्ती नाही.

यापुढे जाऊन सेवा ‘एआय पुनरुज्जीवन’ देऊ करते. नमुन्यादाखल त्यांनी आजीचा एक फोटो करून दाखवला. त्वचा गुळगुळीत झाली, डोळे मोठे आणि चकचकीत झाले, पुढचा किंचित वाकडा दात सरळ झाला आणि चष्म्यामागची ती मिश्कील बारीक नजर नाहीशी झाली. धूसर फोटोत जी माहिती नाही ती यंत्र इतर हजारो चेहऱ्यांवरून अंदाजाने भरते, म्हणजे जे उरते त्यात आजी कमी आणि परकी माणसेच जास्त असतात. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. किम्बर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० प्रौढांना त्यांच्या बालपणाच्या खऱ्या फोटोंमध्ये मिसळून एक बनावट फोटो दाखवला होता; त्यात ते लहानपणी गरम हवेच्या फुग्यात बसलेले दिसत होते. असा प्रसंग घडलेलाच नसताना त्यांपैकी निम्म्या लोकांना काही मुलाखतींनंतर तो पूर्णतः किंवा अंशतः आठवू लागला. ज्या मुलांनी आपली पणजी पाहिलेलीच नाही त्यांच्यापुढे तिचा सुधारलेला चेहरा ठेवला, तर त्यांच्यासाठी तीच पणजी होईल. वाकडा दात आमच्या घरातल्या तिघांना वारशाने मिळालेला आहे. तो कोठून आला हे फोटोत दिसायलाच हवे. म्हणून हा पर्याय मी घेतला नाही, आणि कोणी घेणार असेल तर मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या नावाने अवश्य मागून घ्यावा.

काम परत देताना हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह दोन्ही मिळाले. फाइलींची नावे केवळ क्रमांकांची होती; ती लेबलावरच्या मजकुराप्रमाणे द्यावीत अशी विनंती केल्यावर बदलून दिली गेली. लागलेला वेळ सांगितल्यापेक्षा जास्त होता, पण कॅसेटींची अवस्था पाहता त्याविषयी माझी तक्रार नाही. आकारणी कॅसेटमागे असल्यामुळे अर्धवट भरलेल्या कॅसेटलाही पूर्ण पैसे पडतात; दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांचा साठा ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा मुद्दा आधी बोलून घ्यावा.

आणखी एक सूचना पाहण्यासंबंधी आहे. फाइली सगळ्यांना पाठवून देण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून त्या एकदा पाहाव्यात आणि त्या वेळी फोनवर त्या बैठकीचे ध्वनिमुद्रण सुरू ठेवावे. ‘ही बाजूला उभी आहे ती कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी माणसे घरात असतात तोवरच हे शक्य असते. आमच्या बैठकीत आत्याने एका टेपवरच्या नुसत्या हसण्यावरून चार जणींना ओळखले, आणि काकांनी आपल्या भाषणाचा पुसला गेलेला पूर्वार्ध, इतक्या वर्षांनी, उभे राहून जसाच्या तसा म्हणून दाखवला. तो आता आमच्याकडे नव्याने नोंदलेला आहे.

एकूण विचार करता तांत्रिक दर्जा, हाताळणी आणि ग्राहकाशी संवाद या बाबतींत ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन; आपोआप कापण्याची व्यवस्था अर्जावर ठळकपणे छापली जात नाही तोवर मात्र वर दिलेली सूचना लिहून दिल्याशिवाय कोणीही कॅसेट हातची सोडू नये. बुरशी लागलेल्या कॅसेटचे काम त्यांनी स्वतंत्र यंत्रावर घेतले असून ती अजून यायची आहे. तिच्या लेबलावर वडिलांच्या अक्षरात ‘मुलांचा कार्यक्रम, भाग २’ असे लिहिलेले आहे, आणि या वेळी बटण सुलटे दाबले गेले होते की उलटे, यावर आमच्या घरात आतापासूनच पैजा लागल्या आहेत.